कुलूप कधी उघडायचं

माझं नोकरीचं सगळं आयुष्य भोसरीत, प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशिनांची डिझाइनं करण्यात गेलं. साचा दाबून धरणारा टॉगल हा त्यातला माझा मुख्य विषय. टॉगलचा इतिहास धुंडाळताना हिराम मॅक्झिमची पेटंटं हाती लागली आणि तिथून सुरुवातीच्या स्वयंभरण बंदुका-पिस्तुलांच्या यंत्ररचनेचा नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. मला नेमबाजीत रस नाही. 1883 ते 1911 या जेमतेम तीस वर्षांत यंत्ररचनेच्या एकाच अवघड प्रश्नाला इतक्या डोक्यांनी इतकी वेगवेगळी उत्तरं दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या उत्तरांच्या सहवासात जे शिकलो ते इथे मांडतो.

१. आधी वेळ मोजा, ताकद नंतर

कुलूप म्हटलं की आपल्या मनात पहिला विचार येतो मजबुतीचा. किती जाड पोलाद, किती मोठे दात. बंदुकीच्या ब्रीचबाबत, म्हणजे नळीचं मागचं दार असलेल्या भागाबाबत, हा विचार अर्धाच आहे. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि पुंगळीच्या आतला दाब दोन हजार बारच्या वर जातो. पिस्तुलाच्या आखूड नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात पुंगळीची पातळ पितळी भिंत फुगते, काडतूस बसतं त्या चेंबरला चिकटून बसते आणि वायूला मागे येऊ देत नाही. पण पितळ हे काम चेंबरच्या पोलादाचा आधार असेपर्यंतच करतं. दाब उतरायच्या आत ब्रीच उघडली आणि पुंगळी मागे सरकली, तर उघड्या पडलेल्या भागाशी ती फाटते आणि गरम वायू माणसाच्या तोंडाकडे येतो.

हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत हा प्रश्न येत नव्हता. 1898 च्या माउझरचा शिपाई गोळी झाडून हात बोल्टकडे नेईपर्यंत गोळी कुठच्या कुठे गेलेली असे. माणसाचा हात हीच तिथली सवड. स्वयंभरण यंत्रात हात नाही. ज्या स्फोटाला अडवून धरायचं, त्याच्याच जोरावर थोड्या वेळाने दार उघडायचं, पुंगळी बाहेर फेकायची, नवं काडतूस आत ढकलायचं आणि दार पुन्हा लावायचं. अडवणारं आणि उघडणारं बळ एकच. त्यामुळे सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो या दोन कामांमध्ये थोडी फट कशी पाडायची, यावर.

मूळचा अमेरिकन असलेल्या मॅक्झिमने लंडनच्या हॅटन गार्डनमधल्या आपल्या कारखान्यात 1883-84 च्या सुमाराला याचं उत्तर काढलं. त्याने नळी पक्की बसवलीच नाही. नळी आणि ब्रीच एकमेकींना कुलूपबंद अवस्थेत मिळून थोडं अंतर मागे सरकतात. तेवढ्यात गोळी निघून जाते, दाब उतरतो. मग नळी थांबते, कुलूप उघडतं आणि ब्रीच एकटीच पुढचा मागचा प्रवास करते. इंचभराच्या आसपासच्या त्या संयुक्त सरकण्यात मॅक्झिमने हवी ती सवड विकत घेतली. मिनिटाला सहाशेच्या घरात गोळ्या झाडणारं यंत्र उभं राहिलं ते या इंचभरावर. त्या यंत्राने पुढे आफ्रिकेत आणि युरोपच्या खंदकांत जे केलं ते विसरून त्याच्याकडे पाहता येत नाही. मी तरी कधी विसरलेलो नाही.

२. टॉगल सरळ आहे तोवर डोंगर, वाकला की काहीच नाही

दोन दांडे, मध्ये एक पिन, दोन्ही टोकांना एकेक पिन. तिन्ही पिना एका रेषेत आल्या की टोकावरून कितीही दाबा, दांडे हलत नाहीत. मधल्या पिनेला बाजूने किंचित धक्का दिला की सगळं कोसळतं. ताठ उभ्या माणसाच्या गुडघ्यामागे टिचकी मारली की तो खाली बसतो, तसंच हे. आमच्या शंभर टनांच्या मशिनात साचा बंद होताना शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये टॉगल सरळ होत जातो, टाय-रॉड ताणले जातात आणि सिलिंडरच्या थोड्याशा जोरावर शंभर टन उभे राहतात. मॅक्झिमने हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरलं. स्फोटाचा जोर टॉगलच्या रेषेतून जातो म्हणून तो अडतो. नळीसकट सगळं मागे आलं की क्रँकची मूठ शेजारच्या रोलरवर आपटून फिरते, टॉगलचा गुडघा मोडतो आणि ब्रीच मोकळी होते.

ही कल्पना पिस्तुलात आणली ह्यूगो बोर्शार्टने. मॅग्डेबर्गचा हा माणूस अमेरिकेत शार्प्स आणि विंचेस्टरकडे काम करून, बुडापेस्टमार्गे बर्लिनच्या लुडविग लोव्ह कंपनीत आला होता. 1893 चं त्याचं पिस्तूल उत्तम चालत असे, पण टॉगलला परत सरळ करणारी स्प्रिंग मागच्या बाजूला एका मोठ्या कवचात बसवलेली. त्यामुळे मुठीमागे एक भलामोठा फुगवटा लोंबकळतो आणि तोल पार बिघडतो. ऑस्ट्रियातल्या टिरोलचा गेओर्ग लुगर याने तीच यंत्ररचना घेऊन हा फुगवटा घालवला. स्प्रिंग मुठीच्या आत गेली. टॉगलच्या दोन्ही बाजूंना गोल मुठी आल्या आणि सांगाड्यावर दोन उतार. नळी मागे सरकली की त्या मुठी उतारावर चढतात आणि टॉगल वर मोडतो. स्विस लष्कराने हे पिस्तूल 1900 मध्ये स्वीकारलं, जर्मन नौदलाने 1904 मध्ये, जर्मन लष्कराने 1908 मध्ये.

लुगरच्या रचनेतला एक बारकावा मला सगळ्यांत आवडतो. बंद अवस्थेत मधली पिन दोन टोकांच्या रेषेत नसते, रेषेच्या किंचित खाली असते. म्हणजे स्फोटाचा जोर तिला वर उचलत नाही, उलट आणखी खाली दाबून बसवतो. उतारावर चढल्याशिवाय ती रेषा ओलांडूच शकत नाही. त्या किंचित फरकात कुलपाचा भरवसा आहे. मात्र त्याची किंमतही आहे. हा फरक सगळीकडे सारखा राखायचा तर प्रत्येक भाग काटेकोर घासून बसवावा लागतो. लुगरच्या लहानसहान भागांवरसुद्धा क्रमांकाचे आकडे ठोकलेले दिसतात, ते याच कारणाने. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात बसेलच याची खात्री कारखान्यालाही नव्हती. शिवाय उतारावर चढायला पुरेसा वेग हवा, म्हणून काडतूस जरा कमी जोराचं निघालं की चक्र अर्ध्यावर अडतं.

व्हिकर्स कंपनीने 1912 मध्ये मॅक्झिमचा खाली मोडणारा टॉगल उलटा करून वर मोडणारा केला. तत्त्व तेच, भागही जवळपास तेच. तेवढ्या बदलाने खोकं उथळ झालं आणि बरंच वजन उतरलं. जुन्या ड्रॉइंगकडे उलटं करून बघायची सवय मी इथूनच घेतली.

३. कुलूप हवंच का, हे आधी विचारा

अमेरिकेतल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगला मी या सगळ्यांत वरचं स्थान देतो. त्याचं एक कारण, कुठे कुलूप लागत नाही हे त्याला अचूक कळत होतं. बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून निघालेल्या त्याच्या 1900 च्या पिस्तुलात कुलूपच नाही. पाचेक ग्रॅमची गोळी पुढे जाते, तिच्या कित्येक पट वजनाची स्लाइड मागे यायला लागते. दोघी एकाच क्षणी निघतात, पण जड स्लाइड इतकी सावकाश हलते की ती लक्षात येण्याजोगं अंतर कापेपर्यंत गोळी नळीबाहेर असते. इथे सवड मिळते ती नुसत्या वजनातून. भाग कमी, किंमत कमी, बिघाड कमी. एफएनने अशी सात लाखांवर पिस्तुलं विकली.

मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत हिंदुस्थानात धाडलेली 20 पिस्तुलं ब्राउनिंगच होती, आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं तेही त्यांतलंच. तोवर एफएनने बाजारात आणलेली ब्राउनिंगची सगळी पिस्तुलं बिनकुलपाची होती. कोटात लपेल असं, थोड्या भागांचं हत्यार समुद्रापार पाठवता आलं, याला ही यंत्ररचनाही कारण आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. अलाहाबादच्या संग्रहालयातलं चंद्रशेखर आझादांचं कोल्ट हेही ब्राउनिंगच्याच डिझाइनचं आणि तेही बिनकुलपाचं.

मर्यादा उघड आहे. काडतूस जोरदार झालं की स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग इतकी वाढवावी लागते की ते हातात धरण्याजोगं राहत नाही. ती सीमा आली की मगच कुलूप.

४. घर्षणाच्या भरवशावर कुलूप बांधू नका

हा धडा मी तरुण डिझायनरांना सर्वांत जास्त वेळा सांगतो, आणि जॉन ब्लिशची कथा त्यासाठी फार उपयोगी पडते. अमेरिकी नौदलातल्या या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की, जहाजावरच्या तोफांची आट्यांची ब्रीच पूर्ण भाराच्या स्फोटाला घट्ट राहते, पण हलक्या भाराला मात्र कधी कधी आपोआप उलगडू लागते. त्यावरून त्याने असा सिद्धांत काढला की, खूप दाबाखाली दोन वेगवेगळे धातू एकमेकांना नेहमीच्या घर्षणापेक्षा कितीतरी जास्त धरून बसतात आणि दाब उतरला की सोडतात. खरं असतं तर ते आदर्श कुलूप ठरलं असतं. दाब असेपर्यंत बंद, दाब गेला की उघडं, दुसरं काही लागायलाच नको.

जनरल जॉन थॉम्पसनला ही कल्पना पटली. एक तिरका सरकणारा, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा ब्राँझचा तुकडा पोलादी बोल्टमध्ये बसवून त्याने रायफल करायला घेतली. रायफलीच्या जोरदार काडतुसापुढे ती रचना टिकली नाही. पिस्तुलाच्या .45 काडतुसाला मात्र ती चालली, म्हणून रायफलीऐवजी सबमशीनगन झाली, 1921 ची प्रसिद्ध थॉम्पसन. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन स्वस्त करायची वेळ आली तेव्हा 1942 च्या एम-1 मॉडेलातून तो ब्राँझचा तुकडा काढूनच टाकला. साधा जड बोल्ट घातला, आणि बंदूक पूर्वीसारखीच चालत राहिली. इतकी वर्षं काम बोल्टच्या वजनानेच होत होतं. ब्राँझचा तुकडा थोडा उशीर करत असेल, पण सिद्धांतातलं ते धरून बसणं तिथे नव्हतं.

सॅव्हेज कंपनीच्या 1907 च्या पिस्तुलाचीही गोष्ट याच जातीची. एल्बर्ट सर्लने नळी थोडी फिरल्यावर उघडेल अशी रचना केली आणि गोळी नळीच्या आट्यांतून फिरत जाताना नळीला उलट पीळ देऊन कुलूप बंद ठेवेल, असं मानलं. कागदावर हे फार देखणं दिसतं. पण तो पीळ फारच अल्प असतो आणि व्यवहारात ते पिस्तूल जवळपास बिनकुलपाच्या पिस्तुलासारखंच उघडतं.

तिसरं उदाहरण ऑस्ट्रियाच्या श्वार्झलोजेच्या 1907 च्या मशीनगनचं. यात पक्कं कुलूप नाही. जड ब्रीच आणि प्रतिकूल कोनात मोडणारे दांडे एवढ्यावर उघडणं लांबवलेलं, आणि दाब लवकर उतरावा म्हणून नळी मुद्दाम आखूड. तरीही दाब पूर्ण उतरायच्या आत पुंगळी हलू लागते. चेंबरला चिकटलेली पुंगळी ओढताना फाटू नये म्हणून बंदुकीतच एक छोटा तेलाचा पंप बसवलेला, प्रत्येक काडतुसावर तेल सोडणारा. नंतरच्या 1907/12 मॉडेलात ब्रीच आणखी जड करून तो पंप काढला. अमेरिकेत जॉन पेडरसनने आपल्या रायफलीत याच अडचणीवर काडतुसांना मेणाचा पातळ थर देण्याचा उपाय केला. रायफल सुरेख होती, पण रणांगणावर प्रत्येक काडतूस मेण लावलेलं हवं ही अट सैन्यापुढे ठेवणं कठीण. यंत्रातली उणीव मालावर ढकलली की तो माल बनवणारा, साठवणारा आणि वापरणारा हे सगळेच आपल्या यंत्राचे भाग होऊन बसतात.

५. धूळ-चिखल ड्रॉइंगवरच धरा

मेक्सिकोच्या मॉन्ड्रागॉनची स्वयंभरण रायफल स्वित्झर्लंडच्या सिग कारखान्यात बनली आणि 1908 मध्ये मेक्सिकोच्या सैन्याने ती घेतली. पहिल्या महायुद्धात काही रायफली जर्मनीने विकत घेतल्या. खंदकांतल्या चिखलात त्या अडू लागल्या, म्हणून वैमानिकांना दिल्या गेल्या. आकाशात चिखल नसतो, तिथे त्या नीट चालल्या. ब्रिटिश नौदलाने घेतलेलं वेब्लीचं स्वयंभरण पिस्तूलही असंच, अतिशय बारीक फिटचं आणि घाणीला नाजूक.

माउझरचं 1896 चं पिस्तूल, फेडर्ले बंधूंच्या डोक्यातून आलेलं, एकात एक अडकणाऱ्या भागांनी असं जोडलंय की आतल्या यंत्ररचनेत एकही स्क्रू नाही. स्क्रू फक्त मुठीच्या पट्ट्यांना. कारागिरी म्हणून ते मला अद्भुत वाटतं. पण शिपायाने ते खंदकात खोलून पुसून परत जोडावं अशी अपेक्षा मी कुणाकडूनही ठेवणार नाही.

६. वायूने उघडायचं तर भोकाची जागा हेच घड्याळ

गवत वाढलेल्या मैदानात नेमबाजी चालू असताना, गोळीमागून सुटणाऱ्या वायूने गवताची पाती वाकताना ब्राउनिंगने पाहिली. 1889 मध्ये त्याने या वाया जाणाऱ्या जोरावर प्रयोग सुरू केले. त्यातून आलेल्या 1895 च्या कोल्ट मशीनगनमध्ये नळीच्या पुढच्या टोकाजवळ खाली एक भोक आहे. गोळी ते भोक ओलांडून गेली की मगच वायू त्यातून सुटतो आणि खाली एक दांडा जोराने फिरवतो. तो दांडा जमीन उकरतोय असं दिसे, म्हणून शिपाई तिला बटाटे खणणारी म्हणत.

या मार्गात कुलूप अगदी पक्कं, सरळ ठेवता येतं. फिरणारा बोल्ट, दोन जाड दात, कुठेही अर्धवट काही नाही. उघडायची वेळ ठरवते ती भोकाची जागा. भोक नळीच्या तोंडाजवळ नेलं तर वेळ उशिरा, दाब कमी. चेंबरकडे आणलं तर वेळ लवकर, झटका जबर. अमेरिकी लष्कराने 1936 मध्ये स्वीकारलेल्या गरँडच्या रायफलीत सुरुवातीला नळीला भोकच नव्हतं, तोंडाशी टोपीसारखा भाग वायू अडवत असे. तो त्रासदायक ठरल्यावर 1939-40 मध्ये साधं भोक पाडून काम भागवलं. दातांना कुणी हातही लावला नाही. उघडण्याची वेळ आणि बंद ठेवण्याची ताकद या दोन गोष्टी वेगवेगळ्या भागांकडे सोपवल्या की एक सुधारताना दुसरी बिघडत नाही, हे मी गरँडकडून घेतलं आणि मोल्डिंग मशिनात मनापासून वापरलं.

७. चांगल्या कल्पनेतून भाग कमी होत जातात

20 एप्रिल 1897 ला ब्राउनिंगला पिस्तुलांची जी पेटंटं मिळाली त्यांत जोरदार काडतुसासाठीचं कुलूपही होतं. नळीच्या पाठीवर कंगोरे, स्लाइडच्या आत त्याच मापाच्या खाचा. दोन्ही एकमेकांत अडकून थोडं मागे येतात, मग नळी खाली उतरते, कंगोरे खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. 1900 च्या कोल्टमध्ये नळी खाली उतरवायला पुढे एक आणि मागे एक अशा दोन झुलत्या लिंक आहेत. त्यामुळे नळी समांतर राहून खाली जाते, ड्रॉइंग बोर्डवरच्या जुन्या समांतर पट्टीसारखी.

पुढे त्याच्या लक्षात आलं की पुढची लिंक नको. नळीचं मागचं टोकच फक्त उतरलं तरी कंगोरे सुटतात. 1911 च्या अमेरिकी लष्करी पिस्तुलात एकच लिंक आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कोल्ट आणि सॅव्हेज यांची 6000 गोळ्यांची चाचणी झाली. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडलं नाही. 29 मार्चला ते स्वीकारलं गेलं.

1926 मध्ये बेल्जियममधल्या एफएनच्या कारखान्यात काम करतानाच ब्राउनिंग वारला. पुढचं पिस्तूल दिउदोने सेव्हने पूर्ण केलं, ते 1935 चं हाय-पॉवर. आपल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं 9 मिमीचं 1ए पिस्तूल म्हणजे हेच. शिकवण्यासाठी कापून अर्धं उघडं केलेलं असं एक पिस्तूल मला एका संस्थेत हातात घेऊन बघता आलं. नळीच्या खाली चेंबरजवळ एक जाड पोलादी लोळी आहे आणि तिच्यात कोरलेली तिरकी खाच. सांगाड्यात आडवी बसवलेली एक पक्की पट्टी त्या खाचेत येते. स्लाइड बोटाने हळू मागे ओढली. सुरुवातीला नळी सरळ मागे आली, खाचेची पहिली भिंत त्या पट्टीला समांतर आहे म्हणून. मग खाच तिरकी झाली, तशी नळीचं मागचं टोक खाली झुकलं आणि वरचे दोन कंगोरे खाचांतून एकदम मोकळे झाले. जिथे खाच सरळ आहे तेवढं अंतर म्हणजे गोळीला दिलेली सवड. लिंकची झुलती पिन गेली, तिची झीज गेली, सैल झालेल्या लिंकमुळे कुलूप अर्धवट बसण्याची भीती गेली. उरली एक खाच, आणि ती कोरायची जागा मिलिंग करणाऱ्याच्या हातात अगदी मोकळी.

मी त्या खाचेचं माप घेऊन घरी तिचं ड्रॉइंग काढलं. सरळ भाग आणि तिरका भाग यांच्यातला कोपरा तीक्ष्ण नाही, त्याला छोटा गोलवा दिलेला आहे. कुठल्याही कॅमचा अनुभव असलेला माणूस तो गोलवा देतोच, नाहीतर तिथूनच तडा जातो. तो कोपरा पाहून, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाशी एकाच धंद्यातलं बोलतोय असं वाटलं.

1975 साली सिगने पी-220 आणलं तेव्हा त्यात खाच ठेवली, पण वरचे कंगोरे गेले. चेंबरचा मागचा भाग चौकोनी ठोकळ्यासारखा केला आणि पुंगळी बाहेर फेकण्याची जी खिडकी स्लाइडला असतेच, तिच्या काठालाच तो ठोकळा अडतो. 1897 पासून नळीच्या पाठीवर आणि स्लाइडच्या पोटात आतून कंगोरे-खाचा कोरण्याचं जे सर्वांत किचकट मशीनिंग चालू होतं, ते आता लागतच नाही.